हॉल उबदार, मागची खोली गार: एसी नीट असूनही दर थंडीत तीच तक्रार का येते?

दिवाळी सरली की बेळगावात पहाटे गारठा जाणवायला लागतो आणि आमच्या कामाचा एक ठरलेला मोसम सुरू होतो. एरवी 'एसी थंड करत नाही' म्हणून येणारे फोन आता 'एसी गरम करत नाही' म्हणून यायला लागतात. नीट खोदून विचारलं की कळतं, गरम करतो, पण नको तिथे. हॉल उबदार, मागची खोली गार. नाहीतर वरच्या मजल्यावर पोरं पांघरूण लाथाडतात आणि खाली आई स्वेटर घालून बसलेली असते.

"गेल्या वर्षीही गॅस तपासला, सर्व्हिसिंग केलं, तरी यंदा परत तेच." हे वाक्य ऐकलं की मला मशीन उघडण्याआधी घर बघावंसं वाटतं. दुरुस्ती करूनही दरवर्षी परत येणारी तक्रार बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतेच. मशीन तापमान कुठे मोजतंय, यात असते.

आपलं गाव काही शिमला नव्हे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंची, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-चौदाच्या आसपास. त्यामुळे घरभर पाइप फिरवून गरम पाणी खेळवायची पद्धत इथे नाही. असतो तो हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी, मोठ्या बंगल्यात डक्टेबल मशीन (एकाच मशीनची हवा डक्टमधून, म्हणजे मोठ्या नळ्यांतून, खोल्याखोल्यांत नेणारं), आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत ऑइल हीटर. त्यातून आपली घरं बांधलीत उन्हाळ्याचा आणि पावसाचा विचार करून. उंच छत, दारावर झरोका, शहापूर-वडगावच्या जुन्या घरांना मंगळुरी कौलं. मेमध्ये हे सगळं वरदान वाटतं. जानेवारीत तीच ऊब वर चढून कौलांच्या फटीतून निघून जाते.

कुठलाही थर्मोस्टॅट किंवा सेन्सर फक्त स्वतःच्या भोवतीची वीतभर हवा मोजतो. तिथे २२ झाले की त्याच्या लेखी अख्खं घर २२ झालं. मग मशीन थांबतं, इन्व्हर्टर एसी असेल तर मंदावतं. पलंगावर किती आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

स्प्लिट एसीत सेन्सर असतो कुठे?

मेन स्विच बंद करून पुढचं झाकण उघडा, फिल्टर काढा. जाळीच्या, म्हणजे कॉइलच्या पुढे, बहुतेक मॉडेलमध्ये उजव्या हाताला, प्लॅस्टिकच्या क्लिपेत तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा काळा मणी दिसेल. तो रूम सेन्सर. दुसरा एक तांब्याच्या नळीला चिकटलेल्या खोबणीत असतो, तो कॉइल सेन्सर. आपल्याला पहिल्याशी काम आहे.

आता तो किती उंचीवर आहे ते बघा. इनडोअर युनिट सात-आठ फुटांवर, म्हणजे सेन्सरही तिथेच. गरम हवा हलकी, ती वर जाते, आणि नेमकी त्याच उंचीवर साचते. तुम्ही २४ लावलेत, वर २४ झाले, मशीन खूश. खाली पलंगाच्या उंचीला १९-२० असू शकतात. टिळकवाडीतल्या एका घरात आजी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मशीन तर वारं सोडतंय बगा अण्णा, पण माझे पाय काय गरम होईनात." मी खुर्चीवर चढून छताजवळ हात धरला तर तिथे वैशाख होता. फरशीला हात लावला तर माघ.

कंपन्यांना हे माहीत आहे. म्हणून हीटिंग मोडमध्ये मशीन स्वतःहूनच काही अंश वजा धरतं. पण ती वजाबाकी साधारण फ्लॅटच्या उंचीचा अंदाज बांधून केलेली असते. अकरा-बारा फूट उंचीच्या जुन्या खोलीत, किंवा वर माळा उघडा असलेल्या घरात, तो अंदाज कोसळतो. काही मॉडेलमध्ये तंत्रज्ञाला हा आकडा बदलता येतो. सर्व्हिसला आलेल्या माणसाला तसं स्पष्ट विचारा. न विचारता कोणी बदलून देत नाही.

त्याआधी फुकटातला उपाय करून बघा. रिमोटवर 'आय फील' किंवा 'फॉलो मी' असं बटण आहे का? कंपनीगणिक नाव वेगळं असतं, काम एकच: रिमोटच्या आतही एक सेन्सर असतो, तो स्वतःजवळचं तापमान दर काही मिनिटांनी मशीनला कळवतो. मग मशीन छताजवळचं सोडून रिमोटजवळचं मोजमाप धरतं. थर्मोस्टॅट सात फुटांवरून उचलून माणसाच्या उशाला आणल्यासारखंच झालं की हे.

पण याच बटणामुळे एक नवीन तक्रार जन्माला येते, "रात्री मधूनच वागणं बदलतं." रिमोटचा संदेश इन्फ्रारेडने जातो. त्याला समोर मोकळी वाट लागते, भिंतीपलीकडून किंवा गोधडीखालून तो पोचत नाही. काही वेळ संदेश आला नाही की मशीन मुकाट्याने परत स्वतःच्या सेन्सरवर जातं. म्हणजे झोपताना रिमोट ड्रॉवरमध्ये टाकलात की सगळं मुसळ केरात. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवलात तर तो बॉक्सची ऊब कळवत राहतो आणि मशीन लवकर थांबतं. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलात तर उलटं, रात्रभर मशीन धावत राहतं. उशाजवळच्या टेबलावर, माणूस बसतो-झोपतो त्या उंचीला, मशीनकडे तोंड करून ठेवा. बॅटऱ्याही बघा. अर्धमेल्या बॅटरीवर बटणं चालतात आणि हे काम मात्र लंगडतं.

वाऱ्याची पातीही खाली वळवा. उन्हाळ्यात पाती आडवी ठेवायची सवय असते, थंडीत तीच तशीच राहते आणि गरम वारा छत चाटत फिरतो. मशीन चालू केल्यावर थोडा वेळ पंखाच सुरू होत नाही, तो बिघाड नाही. कॉइल तापेपर्यंत गार झोत अंगावर येऊ नये म्हणून ते थांबलेलं असतं. बाहेरच्या युनिटवर बर्फ धरण्याचा प्रकार मात्र आपल्या हवेत फारसा होत नाही, त्यामुळे कोणी 'डीफ्रॉस्टमुळे', म्हणजे तो बर्फ वितळवायला मशीन मध्येच थांबतं म्हणून, 'होतंय' म्हणाला तर जरा शंका घ्या.

डक्टेबल मशीन आणि भिंतीवरचा रिमोट

इथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, कारण एकच थर्मोस्टॅट चार खोल्यांच्या वतीने बोलतो. तो कुठे बसवायचा हे बहुतेक घरांत सोयीने ठरलेलं असतं. स्विचबोर्डाची ओळ जिथे होती, तिथे.

अनगोळमधल्या एका बंगल्यात तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारी होता. संध्याकाळी सातपर्यंत घर ठीक. मग तवा चढायचा. तासभर भाकऱ्या, शेजारच्या शेगडीवर आमटी, आणि त्या दारातून येणारी गरम हवा सरळ थर्मोस्टॅटवर. आकडा वर, मशीन बंद. जेवणं उरकून मंडळी खोल्यांत जायची तेव्हा खोल्या गार पडलेल्या. घरच्यांनी दोन वर्षं 'संध्याकाळी व्होल्टेज पडतं' असं धरून स्टॅबिलायझर बदलला होता. थर्मोस्टॅट पलीकडच्या आतल्या भिंतीवर नेला, तक्रार संपली.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे जिन्याचा पायथा. उघडा जिना असलेल्या घरात ऊब जिन्यातून वर जाते आणि वरची गार हवा पायऱ्यांवरून खाली घरंगळत येते. पायथ्याशी बसवलेल्या थर्मोस्टॅटला सतत तो गार झोत लागतो, मशीन थांबायचं नावच घेत नाही, आणि वरच्या खोल्या भट्टी होतात. पोरं पांघरूण लाथाडतात ती यामुळे.

भिंत कुठली, यालाही महत्त्व आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि अंधार पडल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहते. अशा भिंतीवरचा थर्मोस्टॅट संध्याकाळी खोटं बोलणारच. उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर तो उलट खोटं बोलतो. म्हणून बाहेरची भिंत नकोच. आतली भिंत, जमिनीपासून सुमारे पाच फूट, डक्टची हवा जिथून बाहेर येते त्या ग्रिलचा झोत थेट न लागणारी, दार उघडल्यावर वारा न येणारी, फ्रिज, टीव्ही, देवघरातल्या दिव्यापासून लांब. आणि पडद्यामागे किंवा कपाटाच्या कोपऱ्यात तर मुळीच नाही, तिथे हवाच हलत नाही.

जागा बरोबर असूनही आकडा विचित्र दाखवत असेल, तर थर्मोस्टॅटच्या मागे बघा. वायर ज्या पाइपातून येते तो पाइप बऱ्याच घरांत सरळ स्लॅबमध्ये किंवा गच्चीवर निघतो. त्यातून गार वारा उतरतो आणि थर्मोस्टॅटच्या पाठीत भरतो. थर्मोस्टॅट खिटीवरून सोडवून त्या भोकाशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आत ओढला गेला किंवा तोंडावर आला तर रोग सापडला. पुट्टी किंवा सिलिकॉनने पाइपाचं तोंड बुजवा. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी माणसं मशीन बदलायला निघतात.

एक आणखी. अनेक डक्टेबल मशीनमध्ये भिंतीवरच्या रिमोटमध्ये एक सेन्सर असतो आणि मशीनच्या रिटर्न हवेत, म्हणजे खोल्यांतून मशीनकडे परत येणाऱ्या हवेत, दुसरा. कुठला धरायचा हे सेटिंगमध्ये ठरतं. बसवताना ते रिटर्नवरच सोडलेलं असेल तर तुम्ही भिंतीवरचा रिमोट काशीला नेऊन बसवलात तरी फरक पडणार नाही. जागा बदलण्याआधी हे सेटिंग तपासून घ्या.

आधी मोजा, मग फोडा

भिंत फोडण्याआधी दोन रात्री मोजमाप घ्या. एकाच बनावटीचे दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणा. पहिल्यांदा दोन्ही शेजारी-शेजारी अर्धा तास ठेवा, कारण स्वस्तातल्या दोन मीटरांत एखाद्या अंशाचा फरक सहज असतो. तो लिहून ठेवा आणि पुढे वजा करा. मग एक हॉलमध्ये, एक गार खोलीत, खुर्चीत बसल्यावर छाती येते त्या उंचीला. दारं रोजच्यासारखीच. रात्री नऊ, झोपताना, पहाटे उठल्यावर, असे आकडे कागदावर घ्या.

आकडेच बोलतात. सुरुवातीला दोन्ही खोल्या सोबत चढत असतील आणि मशीन थांबल्यावर एक झपाझप उतरत असेल, तर सेन्सर चुकीच्या खोलीत आहे. फरक सुरुवातीपासून पहाटेपर्यंत तेवढाच राहत असेल तर त्या खोलीत वाराच कमी पोचतोय किंवा ऊब गळतेय, तिथे थर्मोस्टॅट हलवून उपयोग नाही. दार उघडं ठेवल्यावर फरक मिटत असेल तर पुढचा परिच्छेद वाचा. मशीन न थांबता चालतंय आणि तरी दोन्ही खोल्या गार, तर मग फिल्टर, गॅस, मशीनची क्षमता या वाटेने जा. तो आजचा विषय नाही.

दाराचं म्हणजे असं. डक्टमधून खोलीत हवा ढकलली की तेवढीच हवा परत जायला वाट हवी. आपल्याकडे सागवानी दार, खाली उंबरा, वर लॉकडाऊननंतर लावलेली रबराची पट्टी. दार लावलं की खोली फुग्यासारखी फुगते आणि नवीन गरम हवा आत यायचीच थांबते. दाराखाली बोटभर फट ठेवा, नाहीतर भिंतीत खालच्या बाजूला जाळी बसवा. खाली अशासाठी की परत जायला हवी ती गार हवा.

हॉलमध्ये स्प्लिट आणि मागच्या खोलीत काहीच नाही, अशा घरात जुना झरोका कामी येतो. दारावरचा झरोका उघडा ठेवलात आणि दाराखाली फट असेल तर गरम हवा वरून आत जाते, गार खालून बाहेर येते. एवढ्याने भागलं नाही तर टेबल फॅन घ्या. सगळे तो हॉलमध्ये ठेवून ऊब आत ढकलायला बघतात. उलटं करा. दार उघडं ठेवून फॅन गार खोलीत जमिनीवर, हॉलकडे तोंड करून, मंद वेगात. खालची गार हवा बाहेर ढकलली की वरून उबदार हवा आपोआप आत येते. दिसायला वेडेपणा वाटतो, शेजारी हसतात, पण काम होतं. छताचा पंखाही एक नंबरवर ठेवला तर वर साचलेली ऊब खाली येते. उलटा फिरणारा पंखा असेल तर उत्तमच, वारा अंगावर येत नाही.

डक्टेबल मशीनच्या घरात मात्र एक उद्योग करू नका: गरम खोल्यांची सगळी ग्रिलं बंद करून हवा गार खोलीकडे रेटणं. वारा अडला की कॉइलवरची उष्णता निघून जात नाही, दाब चढतो आणि मशीन ट्रिप होतं. डँपर, म्हणजे डक्टमधला वारा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, थोडे थोडे, एका वेळी एक, आणि मध्ये एक दिवस जाऊ देऊन फिरवा. आपल्या विटांच्या, जांभ्याच्या भिंती तापायला आणि निवायला वेळ घेतात, तासाभरात निकाल दिसत नाही.

हे सगळं करूनही दिवसा हॉल आणि रात्री बेडरूम अशी दोन वेगळी गरज असेल, तर एका थर्मोस्टॅटने ते साधणार नाही. प्रत्येक भागाला स्वतःचा सेन्सर आणि मोटरवाला डँपर लागतो. बांधून झालेल्या घरात पीओपी फोडून तो बसवण्यापेक्षा त्या खोलीला छोटं वेगळं मशीन किंवा हीटर, हे मला नेहमीच जास्त शहाणपणाचं वाटतं.

ऑइल हीटर

याचा थर्मोस्टॅट त्याच्याच अंगावर, म्हणून तो सगळ्यात लवकर फसतो. पलंग आणि कपाटाच्या सांदीत ठेवला की स्वतःचीच ऊब स्वतःला लागते आणि खोली गार असतानाच 'टक' करून बंद. मोकळ्यात ठेवा, शक्यतो गार भिंतीच्या किंवा खिडकीच्या बाजूला, पण पडद्यापासून लांब. डायलवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. पूर्ण चढवून खोली हवी तेवढी उबदार होऊ द्या, मग डायल हळूहळू मागे फिरवा, 'टक' आवाज आला की थांबा. तीच तुमच्या खोलीची खूण, तिथे मार्करने रेघ मारा.

दोन हजार वॅटचा हीटर सुमारे नऊ अँपिअर ओढतो. सोळा अँपिअरचंच सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि खानापूरकडच्या खेड्यांत अजून निखाऱ्याची शेगडी खोलीत ठेवून दारं लावतात. त्या धुराला वास नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो. शेगडी घरात ठेवून झोपू नका.

आकडा वाढवण्याआधी

गार वाटलं की माणसं ३० लावतात. त्याने खोली लवकर तापत नाही, सुरुवातीला मशीन तसंही पूर्ण जोरातच असतं. फक्त सेन्सरजवळची खोली भाजून निघते आणि गार खोली गारच राहते. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे एसी २४ अंशांवर सुरू होतात, तो आकडा थंडाव्याचा विचार करून ठरवलेला आहे. थंडीत माणसाच्या उंचीला खरोखर २१-२२ मिळाले तर गोधडीत घाम येतो.

सेन्सरच बिघडलाय अशी शंका असेल तर वीज बंद करून तो सोडवा आणि मल्टिमीटर लावा. मॉडेलप्रमाणे २५ अंशांना पाच किंवा दहा किलोओहमच्या जवळपास दाखवतो. मुठीत धरलात की आकडा सरसर उतरायला हवा. हलत नसेल किंवा उड्या मारत असेल तर बदला, भाग स्वस्त असतो. बऱ्याचदा तर सेन्सर चांगला असतो, फक्त मागच्या सर्व्हिसिंगमध्ये क्लिप तुटून तो कॉइलला टेकलेला असतो. मग मशीन खोलीचं नाही, स्वतःच्याच कॉइलचं तापमान मोजतं आणि दोन-चार मिनिटांत थांबतं. दर सर्व्हिसिंगनंतर तक्रार सुरू होत असेल तर आधी हेच बघा.

शिवरात्रीला थंडी शिवशिव म्हणत गेली की हिशोब उलटतो. आता गार हवा खाली बसते आणि वरच्या मजल्याच्या खोल्या स्लॅबच्या तापाने धगधगतात. थंडीत खाली ठेवलेलं मोजमाप उन्हाळ्यात वर न्यावं लागतं. दोन सेन्सर जोडता येणारा थर्मोस्टॅट असेल तर सेटिंग बदलून भागतं. स्प्लिटला ती अडचण नाही, रिमोट उशाशीच राहू द्या, फक्त पाती परत आडवी करा.

ज्यांचं बांधकाम अजून चालू आहे त्यांनी प्लास्टरआधी प्रत्येक मोठ्या खोलीच्या आतल्या भिंतीवर पाच फुटांवर एक रिकामा पाइप आणि बॉक्स सोडून ठेवावा, आत ओढायला तार घालून. आज लागला नाही तरी त्यावर ब्लँक प्लेट बसते. इंटिरिअरवाल्याला मात्र ती जागा दाखवून ठेवा, नाहीतर तो बरोबर तिथेच कपाट करतो.